सराव कमी असेल तरी जा, पण घोळक्याच्या वेगाने जाऊ नका

हिवाळा लागला की सामूहिक सायकल राइडचे फॉर्म निघतात. कोणाची नागपूर ते रामटेक आणि परत, म्हणजे शंभर किलोमीटर. कोणाची उमरेडपर्यंत, कोणाची थेट वर्ध्यापर्यंत. फॉर्म भरायला दोन मिनिटं लागतात. टी-शर्टचं माप टाकलं, पैसे भरले की झालं. मग राइड महिन्याभरावर आली की विचारणा सुरू होते. सराव झालाच नाही, ड्युटी बदलली, मुलाची परीक्षा होती, सासूबाई दवाखान्यात होत्या. तरी जाऊ का?

या प्रश्नाला गावात दोन तयार उत्तरं मिळतात. पहिलं मित्रांचं: "अरे, जोश पाहिजे, बाकी काही नाही. सगळे मिळून जाऊ, कळणारही नाही." दुसरं जाणकारांचं: "सहा महिने सराव नसेल तर येऊच नका, आमची राइड बिघडेल." मला दोन्ही उत्तरं मान्य नाहीत. जोशाने पायात साखर भरली जात नाही. आणि सहा महिने रोज पहाटे दोन तास सायकल चालवायला ज्याच्याकडे वेळ आहे, त्यानेच शंभर किलोमीटर जावं असं म्हटलं, तर तीन पाळ्यांत काम करणारा कामगार, सकाळचे डबे करून शाळेत शिकवायला जाणारी ताई, रात्रपाळीची नर्स यांनी कधी जायचंच नाही. आपले वडील-आजोबा एम्प्रेस मिलला, अंबाझरीच्या आयुध निर्माणीत सायकलनेच जात होते. कॅरियरला डबा, दांडीवर पोरगं. त्याला सराव म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा माझं मत असं. सराव कमी असेल तरी जायला हरकत नाही. घोळक्याच्या वेगाने जायला मात्र हरकत आहे, आणि ती मोठी आहे.

अशा राइडमध्ये सगळ्यात शेवटी राहण्याचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असतं. कोणी मागे पडलं की त्याच्याबरोबर चालायचं, पंक्चर काढायचं, नाही जमलं तर टेम्पोला फोन करायचा. त्यामुळे पुढे कोण पोहोचलं ते मला दिसत नाही, मागे कोण आणि का राहिलं ते दिसतं. मागे राहणाऱ्यांत सराव नसलेले असतात, हे खरंच. पण त्यांतले बरेच जण पहिल्या वीस किलोमीटरमध्ये सगळ्यांत पुढे असतात.

हे कसं होतं ते समजून घ्या. सकाळचे सहा वाजलेले, थंडी, रस्ता मोकळा, सगळे ताजेतवाने. कामठी रोडवर घोळका सुटतो. पुढे चार तयारीचे लोक हवा कापत असतात आणि त्यांच्या मागे तुम्हाला हवा लागतच नाही. ताशी सव्वीसचा वेग आणि पायाला काहीच वाटत नाही! "मला वाटलं त्यापेक्षा मी बरा आहे" असं वाटायला लागतं. कन्हान ओलांडल्यावर एका छोट्या चढाला तुम्ही दोन सायकली मागे पडता. तेवढंच अंतर पुरतं. आता हवा तुमच्या छातीवर आणि सव्वीसचा वेग स्वतःच्या पायावर. हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. अठरावरून सव्वीसवर गेलात तर वेग दीडपटही झालेला नसतो, पण नुसत्या हवेसाठी लागणारी शक्ती जवळजवळ तिप्पट होते. ती तुम्ही पाच मिनिटं देता, दहा मिनिटं देता, घोळका गाठता, पुन्हा सुटता. मनसर येईपर्यंत मांड्यांतली साठवलेली साखर संपत आलेली असते. आणि अजून सत्तावन्न-अठ्ठावन्न किलोमीटर बाकी असतात.

शरीरात दोन प्रकारचं इंधन आहे: साखर आणि चरबी. साखरेचा साठा लहान आहे. जोर लावून चालवलं तर दीड-दोन तासांत तो तळाला जातो. चरबीचा साठा सडपातळ माणसाकडेही भरपूर असतो, पण तो सावकाश जळतो. हळू चालवलं तर शरीर चरबीवर जास्त भागवतं आणि साखर शेवटपर्यंत पुरते. नियमित सराव करणाऱ्याचं शरीर बऱ्यापैकी वेगातही चरबी वापरायला शिकलेलं असतं, तुमचं शिकलेलं नसतं. म्हणून एकाच वेगाने शेजारीशेजारी जाताना तो बचत खात्यावर चालतो आणि तुम्ही उधारीवर.

मग किती हळू? इथे एक हिशेब सांगतो. ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या फ्रेंच संस्थेच्या नियमांनी जगभर लांब पल्ल्याच्या राइड होतात, त्यांना आपल्याकडे सायकलवाले बीआरएम म्हणतात. त्यात २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. भागाकार करून पाहा. चहा, जेवण, पंक्चर सगळं धरून ताशी पंधराच्या आसपास. पहिला-दुसरा नंबर नसतो. लांब पल्ल्यात मुरलेल्यांची संस्था पंधरावर समाधानी असते आणि आपल्या गल्लीतल्या ग्रुपला पंचवीसशिवाय अपमान वाटतो. ताशी पंधराने रामटेकहून परत यायला पावणेसात तास लागतात. सहाला निघालात तर दुपारी पाऊणच्या सुमारास घरी. यात कमीपणा कसला?

वेग मोजायला यंत्र लागत नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे, मग मीटरवर काहीही दिसो.

जायचं की नाही, याची माझी कसोटी साधी आहे. राइडच्या दहा-बारा दिवस आधी एका सकाळी पन्नास किलोमीटर चालवा, बोलता येईल अशा वेगाने. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं कामावर जाता आलं, गुडघा कुरकुरला नाही, तर शंभर आपल्या वेगाने जमतील. नाही जमलं तर आयोजकांना सांगून अर्ध्याच टप्प्याला जा. पन्नास किलोमीटर हेही अंतरच आहे.

चार आठवडे हातात असतील तर रविवारी तीस, चाळीस, पन्नास असं वाढवत न्या आणि आठवड्यात दोनदा पाऊण तास चालवा. कामावर सायकलने जाता येत असेल तर तेही धरा. शेवटच्या आठवड्यात राहिलेला सराव भरून काढायला जाऊ नका. त्या आठवड्यात केलेल्या मेहनतीचा फायदा राइडपर्यंत मिळत नाही, थकवा मात्र मिळतो. आणि उसनी सायकल असेल तर ती राइडच्या सकाळी नाही, चार आठवडे आधी उसनी घ्या. सीटची उंची ही निम्म्या दुखण्यांचं मूळ आहे. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यात खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवड्याने चालवताना गुडघ्यात थोडा बाक राहतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखलं तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूला दुखलं तर वर.

आता एक गोष्ट विशेष करून आपल्या वाचकांसाठी, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

विदर्भात सिकलसेल आदिवासी बांधवांत आहे आणि आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणावर आहे. ज्याला दोन्ही पालकांकडून हा दोष मिळाला तो एसएस, म्हणजे रुग्ण. त्याला हे बहुतेक लहानपणीच कळलेलं असतं, कारण दुखणं त्याला स्वस्थ बसू देत नाही. अशा व्यक्तीने लांबच्या राइडचा विचार आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करूच नये. थंडी, पाण्याची कमतरता आणि थकवा या तिन्ही गोष्टींनी वेदनेचा झटका येऊ शकतो, आणि हिवाळ्यातल्या पहाटेच्या राइडमध्ये तिन्ही एकत्र असतात.

माझी काळजी एएसची आहे. एकाच पालकाकडून दोष मिळालेला तो एएस, म्हणजे वाहक. त्याला रोजच्या आयुष्यात काही त्रास नसतो. तो क्रिकेट खेळतो, भरतीसाठी धावतो आणि आपण वाहक आहोत हे त्याला अनेकदा माहीतही नसतं. वाहकाने सायकल चालवू नये असं मी अजिबात म्हणत नाही. अमेरिकेच्या सैन्यातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा एक अभ्यास २०१६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये मृत्यूचा धोका जास्त आढळला नाही. पण श्रमाने स्नायू फुटून त्यांतले घटक रक्तात उतरणं आणि त्यातून किडनीवर ताण येणं, या आजाराचा धोका वाहकांमध्ये सुमारे दीडपट आढळला. त्याच अभ्यासात तंबाखू वापरणाऱ्यांमध्येही हा धोका जवळपास तेवढाच वाढलेला होता. खर्रा तोंडात ठेवून राइडला येणाऱ्या भावांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आणखी एक लक्षात घ्या. त्या सैन्यात सरावाची शिस्त होती, पाण्याची आणि विश्रांतीची सक्ती होती. आपल्या राइडमध्ये यातलं काय असतं? सराव नसलेला वाहक घोळक्याच्या मागे जीव तोडून पॅडल मारतो, पाणी पीत नाही, ऊन चढत जातं. शरीरात प्राणवायू कमी पडला, आम्ल वाढलं, पाणी कमी झालं, उष्णता वाढली की वाहकाच्या तांबड्या पेशीही विळ्याचा आकार घेऊ लागतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि स्नायूला रक्त मिळेनासं होतं. वाहकांची किडनी लघवीतलं पाणी इतरांइतकं राखू शकत नाही, म्हणजे त्यांच्या शरीरातलं पाणी तसंही लवकर उतरतं. मघाशी कन्हानच्या पुढे घोळका गाठण्यासाठी जी दहा मिनिटांची धडपड सांगितली, ती वाहकासाठी सगळ्यात वाईट. सावकाश दहा तास चालवणं त्याला चालेल, एकदम जोर लावलेली दहा मिनिटं चालणार नाहीत.

याची खूण ओळखता आली पाहिजे. साधा गोळा येतो तेव्हा पोटरी दगडासारखी घट्ट होते, माणूस ओरडतो आणि ताणून दिलं की सुटते. असा गोळा बहुधा राइडच्या उत्तरार्धात येतो. वाहकाचे पाय मात्र जोर लावल्यावर थोड्याच वेळात गळून जातात. हात लावला तर स्नायू मऊच लागतात, तो म्हणतो "पायात जीवच नाही". अशा वेळी "चल, थोडंच राहिलं" म्हणू नका. सायकल आडवी करा, त्याला सावलीत निजवा, १०८ ला फोन करा आणि वाहक आहे हे आधी सांगा. नंतर लघवी कोऱ्या चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी दवाखाना, मग तो वाहक असो वा नसो. ज्यांना मनाली–लेहच्या राइडचे वेध लागले आहेत, त्या वाहकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. उंचीवर डाव्या बरगडीखाली दुखू लागलं तर ती प्लीहा असू शकते.

तपासणी अवघड नाही. पहिली चाचणी काही मिनिटांची असते. ती पॉझिटिव्ह आली की दुसरी चाचणी एएस की एसएस ते सांगते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू आहे आणि सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. अडचण तपासणीची नसून लपवण्याची आहे. लग्नात अडेल म्हणून घरचे मुलीचा रिपोर्ट कपाटात ठेवतात आणि मुलगी राइडच्या फॉर्मवर "काही आजार नाही" लिहिते. तिच्या जिवापेक्षा तिचं स्थळ महत्त्वाचं, असा याचा अर्थ होतो. हे बोलायला कडू आहे, पण बोलायला हवं.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. तासाला एक-दोन केळी, किंवा चिक्की, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. भूक लागायची वाट पाहू नका. रामटेकला नाश्त्याला पोहे खुशाल खा, तर्री राहू द्या. परतीच्या पन्नास किलोमीटरमध्ये ती आपलं म्हणणं मांडतेच. पाणी तहानेप्रमाणे, घोट घोट. नुसतं पाणी लिटरवर लिटर रिचवणंही धोक्याचं आहे, रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस भ्रमिष्टासारखा होतो. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस ठेवा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. राइडच्या सकाळी "दुखू नये म्हणून" डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेण्याची जी पद्धत पडली आहे ती बंद करा. शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या किडनीला मारक ठरतात. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या दिवशीचा डोस डॉक्टरांना विचारून ठरवावा आणि खिशात ग्लुकोज ठेवावं. छातीत दाबल्यासारखं झालं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर राइड तिथेच संपली.

महिलांच्या पाण्याबद्दल वेगळं सांगावं लागतं, कारण त्या पीतच नाहीत. का पीत नाहीत ते सगळ्यांना माहीत आहे. कामठी ते मनसर स्वच्छतागृह कुठे आहे हे आयोजकांनी कधी पाहिलेलं नसतं. पुरुष रस्त्याच्या कडेला उभे राहतात आणि प्रश्न सुटला असं समजतात. सराव कमी, त्यात पाणी नाही, त्यात एखादी वाहक, आणि वरून "बायकांना झेपत नाही" हा शेरा! दर वीस-पंचवीस किलोमीटरला एक शाळा, दवाखाना किंवा पेट्रोलपंप आधी बोलून ठेवणं एवढंच काम आहे.

आयोजकांकडून माझ्या आणखी काही अपेक्षा आहेत. सगळ्यांना एकत्र सोडू नका. ताशी पंधरा, अठरा आणि बावीस असे तीन गट करा आणि पंधराच्या गटाला अर्धा तास आधी सोडा, म्हणजे ते कोणाच्या मागे लागणार नाहीत. त्या गटाचं नेतृत्व सगळ्यात अनुभवी माणसाकडे द्या, कारण हळू चालवून दाखवायलाही अधिकार लागतो. फॉर्मवर सिकलसेल, मधुमेह, रक्तदाब हे प्रश्न ठेवा. उत्तरं एकाच जबाबदार व्यक्तीकडे राहू द्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. दमलेला माणूस पुढच्या चाकाकडे टक लावून चालवतो आणि त्याने ब्रेक मारला की मागचे चार जण पडतात. म्हणून नवख्यांना दोन सायकलींचं अंतर ठेवायला सांगा. खड्डा आला की हात दाखवणं, थांबण्याआधी ओरडून सांगणं हे सुटण्यापूर्वी पाच मिनिटं शिकवा. भाषणं थोडी कमी केली तरी चालतील.

आणि टेम्पो. टेम्पोत बसणाऱ्याचे फोटो काढून ग्रुपवर टाकण्याची गंमत कोणाला सुचते कोण जाणे. त्या फोटोच्या भीतीने माणसं आणखी पंधरा किलोमीटर ओढतात, आणि मला रस्त्याच्या कडेला सापडतात तेव्हा धड बोलण्याच्या स्थितीत नसतात. जो तिसाव्या किलोमीटरला स्वतः हात वर करून टेम्पोत बसतो, त्याला ड्रायव्हरशेजारची जागा द्या, पाणी द्या, केळं द्या, मेडलही द्या. त्याची सायकल मागे चढवताना गिअरची बाजू वर ठेवून आडवी करा आणि दोन सायकलींमध्ये पोतं घाला, नाहीतर पुढच्या रविवारी त्याला पुन्हा उसनी मागावी लागेल.